विश्लेषण : एव्हरेस्ट बेस कॅम्पहून हेलिकॉप्टरने परत... वाचलेले दिवस चढाईतून कापायचे का?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात सह्याद्रीत भटकणाऱ्यांची कमतरता नाही. सुट्टीच्या दिवशी राजगड, पुढच्या महिन्यात तोरणा, पावसाळ्यात एखादी घाटवाट असे करता करता एक दिवस कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एव्हरेस्ट बेस कॅम्पचा फोटो टाकतो आणि बेत सुरू होतो. पहिला अडसर पैशांचा वाटतो. दर महिन्याला थोडे बाजूला काढून तो वर्षभरात सुटतो. सुटत नाही तो रजेचा. तिथेच ‘जाताना पायी, येताना हेलिकॉप्टर’ हा पर्याय समोर येतो. पर्याय चुकीचा नाही. मात्र त्यातून किती दिवस वाचतात आणि ते कोणत्या बाजूने वाचवायचे, याचा हिशेब बऱ्याचदा उलटा मांडला जातो. ही चूक जिवावर बेतू शकते.

हा बेत नेमका कसा असतो?

नेपाळमधील लुक्ला (सुमारे २८५० मीटर) येथे विमानाने उतरायचे आणि चालायला लागायचे. पहिला मुक्काम फाकदिंग, दुसरा नामचे बाजार. नामचेला एक जादा दिवस. मग तेंगबोचे, दिंगबोचे. दिंगबोचेला पुन्हा एक जादा दिवस. नंतर लोबुचे आणि गोरक्षेप. गोरक्षेपला सामान टाकून त्याच दिवशी ५३६४ मीटर उंचीचा बेस कॅम्प पाहून परत यायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थरवरून एव्हरेस्टवरचे ऊन पाहायचे. आठ दिवस चढण्यात जातात. पायी परतायचे तर त्यानंतर तीन दिवस लुक्लापर्यंत उतरण्यात आणि एक दिवस विमानाची वाट पाहण्यात जातो. हेलिकॉप्टर घेतले तर नवव्या दिवशी सकाळी गोरक्षेपहून निघून दुपारपर्यंत काठमांडू गाठता येते.

भारतीय हिमालयातील ट्रेकमध्ये असा पर्याय जवळपास नाहीच. केदारनाथसारख्या यात्रास्थळी हेलिकॉप्टर आहे, ट्रेकच्या वाटेवर नाही. त्यामुळे पायी जाऊन हेलिकॉप्टरने परतायचे म्हटले की नाव निघते ते नेपाळच्या खुंबू खोऱ्याचे.

रजेचा हिशेब कसा जमतो?

कारखान्यातला जुना नियम सर्वांना पाठ आहे : वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा. वर्षाला २८०-२९० दिवस भरले तर चौदा ‘पीएल’ पदरात पडतात. काही कंपन्या जास्त देतात, मागच्या वर्षीची शिल्लकही पुढे येते. तरीही ज्याची शिल्लक लग्नकार्यात आणि आईच्या आजारपणात संपली, त्याच्या हाती चौदाच उरतात. कंत्राटी कामगाराची गोष्ट वेगळीच. सलग दोन आठवडे गैरहजर राहिल्यावर काम टिकेल का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कुठल्याही पॅकेजमध्ये नसते.

आता दिवस मोजू. पुण्याहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे काठमांडू, एक दिवस. काठमांडूत परवाने आणि खरेदी, दुसरा. हंगामात लुक्लाची बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. तिथे पोहोचायला रात्रीच निघून चार-पाच तासांचा रस्ता तुडवावा लागतो. पायी चढ-उताराचे अकरा दिवस. लुक्लाहून काठमांडूला परत एक, काठमांडूहून घरी एक. झाले पंधरा. लुक्लाची धावपट्टी जेमतेम सव्वापाचशे मीटरची आणि तीही उताराची. ढग आले की उड्डाणे बंद, कधी एक दिवस, कधी तीन-चार दिवस. म्हणून निदान दोन दिवस राखीव धरावेत. एकूण सतरा.

हेलिकॉप्टरने परतायचे तर तेच गणित बारा दिवसांवर येते. इथेच ग्रुपमधला हिशेबनीस खूश होतो : ‘बारा दिवस, झाले काम!’ पण हेलिकॉप्टरही ढगातच अडकते. ते आलेच नाही तर गोरक्षेपहून पायीच उतरावे लागेल आणि त्याला तीन दिवस जादा लागतील. म्हणजे हे तीन दिवस रजेच्या अर्जात असलेच पाहिजेत. खरा आकडा पंधरा. जाहिरातीत वाचलेले दिसणारे पाच दिवस प्रत्यक्षात दोनच आहेत.

दोन दिवसही कमी नाहीत. या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि रजेच्या काळात येणारी साप्ताहिक सुट्टी ‘पीएल’मध्ये धरली जात नाही. गुरुवारी निघाले तर पंधरा दिवसांत तीन गुरुवार बसतात आणि बारा रजा लागतात. सतरा दिवसांना चौदा. फरक दोन रजांचा. गणपतीत गावी जायचे असेल किंवा घरात कुणी आजारी पडले, तर या दोन रजांची किंमत त्या घरालाच ठाऊक. त्यामुळे हेलिकॉप्टर म्हणजे निव्वळ श्रीमंतांची चैन, अशी नाके मुरडण्यात अर्थ नाही.

मग धोका कुठे आहे?

धोका बारा दिवसांच्या आकड्यात आहे. एकदा हेलिकॉप्टरची चटक लागली की कुणीतरी विचारतो, ‘नामचेला दोन दिवस कशाला? आपण काय म्हातारे आहोत?’ नामचेचा जादा दिवस जातो, मग दिंगबोचेचा. बारा दिवसांचे दहा होतात. उतरायचे कष्ट वाचवणारे साधन चढाईचे वेळापत्रक कापण्याचे निमित्त बनते.

पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे लुक्लाच्या विमानातून उतरतानाच इथला माणूस आपल्या राज्यातल्या कुठल्याही जागेपेक्षा बाराशे मीटर वर असतो. त्यापुढे बेस कॅम्पपर्यंत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, पण दाब घटल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर त्याला उत्तर देते : श्वास वाढतो, मूत्रपिंडे रक्तातली आम्लता जुळवून घेतात, पुढे लाल पेशी वाढू लागतात. हे सारे व्हायला दिवस लागतात. पैसे टाकून ते लवकर होत नाही.

पर्वतीय वैद्यकशास्त्रातला सर्वमान्य ठोकताळा असा : तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. महत्त्वाची आहे ती झोपण्याची उंची. दिवसा वर जाऊन रात्री खाली आले तर उलट फायदाच होतो. नामचेच्या ‘विश्रांती’च्या दिवशी वाटाडे वरच्या टेकाडावर फिरवून आणतात ते यासाठीच.

आता आकडे पाहा. फाकदिंग २६१० मीटर, नामचे ३४४०. एका दिवसात ८३० मीटर. ही उडी ठोकताळ्यात बसत नाही, म्हणून तर नामचेला दोन रात्री काढायच्या. तिथून तेंगबोचे ३८६०, दिंगबोचे ४४१०, लोबुचे ४९४०, गोरक्षेप ५१६४. पाचशेची मर्यादा मधे दोनदा थोडी ओलांडली जाते. ती भरून काढतो दिंगबोचेचा जादा दिवस. हे दोन दिवस काढून टाकले तर फाकदिंगनंतर पाचव्या रात्री माणूस अडीच हजार मीटर वर झोपलेला असतो, मधे एकही थांबा न घेता. त्यात तेंगबोचेही गाळले तर नामचेहून दिंगबोचेला एका दिवसात ९७० मीटर.

‘आम्ही रोज दहा किलोमीटर पळतो’ हे उत्तर इथे चालत नाही. विरळ हवेचा त्रास तंदुरुस्तीवर ठरत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्याला तो होतो आणि पोट सुटलेल्या मित्राला होत नाही. दमदार माणसाला उलट धोका थोडा जास्तच, कारण तो भरभर चढतो. शेर्पा वाटाडे सारखे ‘बिस्तारै, बिस्तारै’ म्हणतात, ते ऐकायचे असते.

त्रासाची सुरुवात डोकेदुखीने होते. सोबत मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे. इथेच थांबले, वर गेले नाही, तर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. डोकेदुखी लपवून पुढे गेले तर मेंदूला सूज येऊ शकते : पाय अडखळतात, बोलणे भरकटते, सरळ रेषेत चालता येत नाही. किंवा फुप्फुसांत पाणी साठते : बसल्या जागी धाप, खोकला, ओठ निळसर. यातले काहीही दिसले तर उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. प्राणवायूची नळकांडी, औषधे, हवेच्या दाबाची पिशवी हे सारे खाली नेईपर्यंत वेळ मिळवण्यासाठी. ‘डायमॉक्स’ची गोळी घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनी ठरवावे. गोरक्षेपच्या जेवणाच्या टेबलावर मित्राने देऊन ठरू नये.

काही झाले तर हेलिकॉप्टर आहेच ना?

सगळ्यात घातक वाक्य हेच. हेलिकॉप्टर दिवसा आणि स्वच्छ हवेतच येते. खुंबूत दुपारनंतर ढग भरणे नेहमीचे. फुप्फुसांत पाणी साठण्याचा त्रास बऱ्याचदा रात्री बळावतो. रात्री दोन वाजता गोरक्षेपला मित्राचा श्वास घुसमटू लागला तर सकाळपर्यंत हेलिकॉप्टर नाही, आणि सकाळी बर्फ पडत असेल तर दुपारपर्यंतही नाही. तेव्हा उपयोगी पडतो तो शुद्धीवर असलेला वाटाडा, बॅटरी आणि खाली फेरिचेकडे नेणारी पायवाट. फेरिचे गोरक्षेपपेक्षा आठशे मीटर खाली आहे आणि हंगामात तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे डॉक्टर असतात. १९७३ पासून ही संस्था तिथे काम करते.

खराब हवेत हेलिकॉप्टरची वाट पाहणे म्हणजे काय, हे जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्त्रताल ट्रेकवर दिसले. बेंगळूरुहून गेलेल्या २२ जणांच्या गटाला वादळी वाऱ्याने आणि बर्फाने गाठले. हवाई दलाची आणि राज्याची हेलिकॉप्टर आली, १३ जण वाचले. पण ती येईपर्यंत नऊ जणांचा मृत्यू झाला होता.

विरळ हवा माणसाला जशी छळते तशी यंत्रालाही. पात्यांना पुरेसा जोर मिळत नाही, इंजिनाची ताकद घटते. म्हणून गोरक्षेपला उतरणारे पाच आसनी हेलिकॉप्टर एका वेळी दोघा-तिघांनाच उचलते, खाली फेरिचेच्या आसपास सोडते, पुन्हा वर येते आणि मग सगळ्यांना एकत्र घेऊन लुक्लाकडे निघते. २००५ मध्ये फ्रान्सच्या दिदिए देल्साल यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर हेलिकॉप्टर टेकवले होते, हे खरे. तो चाचणी वैमानिकाचा विक्रम होता, हलके केलेल्या यंत्रातला आणि निवडून काढलेल्या हवेतला. त्यावरून कुणी आपल्या सहलीचा बेत आखू नये.

‘आजारी असल्याचे सांगा, हेलिकॉप्टर फुकट’?

हेलिकॉप्टरने परतण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते कागदावर वेगळे ठेवणे गरजेचे आहे. एक, हौसेने किंवा सोयीसाठी घेतलेले. त्याचे पैसे स्वतःच्या खिशातून. आसन वाटून घेतले तरी डॉलरमध्ये चांगलीच रक्कम होते आणि संपूर्ण हेलिकॉप्टर घेतले तर काही हजार डॉलर. दुसरे, आजारपणामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली सुटका. ती विम्यातून मिळू शकते. वाटेत एखादा ‘जाणकार’ या दोहोंतली रेघ पुसायला सुचवतो : डोके दुखतेय म्हणा, कागद आम्ही करतो, विमा कंपनी पैसे देईल, तुम्ही आरामात काठमांडूला.

हा प्रकार कल्पनेतला नाही. २०१८ मध्ये नेपाळमधला बनावट सुटकांचा घोटाळा जगभर गाजला. किरकोळ तक्रारीवर ट्रेकरला हेलिकॉप्टरमध्ये बसवायचे, एकाच फेरीत चौघांना आणून चार विमा कंपन्यांकडून प्रत्येकी पूर्ण फेरीचे बिल घ्यायचे, रुग्णालयात अनावश्यक दिवस ठेवायचे, आणि यातला वाटा खालपर्यंत वाटायचा. ट्रेकरचे पोट बिघडावे म्हणून जेवणात खाण्याचा सोडा मिसळल्याचे आरोपही वृत्तसंस्थांनी प्रसिद्ध केले. नेपाळ सरकारने चौकशी समिती नेमली. तिने ट्रेकिंग एजन्सी, हेलिकॉप्टर सेवा आणि रुग्णालये यांच्या साखळीवर बोट ठेवले. परदेशी विमा कंपन्यांनी नेपाळचे संरक्षणच बंद करण्याचा इशारा दिला. नियम त्यानंतर कडक झाले, पण मोह संपलेला नाही.

यात फसवले जाणारे दोघे. एक विमा कंपनी, जी दावा तपासते, खोटा आढळला तर नाकारते आणि ट्रेकरला हजारो डॉलरच्या बिलासकट एकटे सोडते. खोटा दावा करणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट वेगळीच. दुसरा फसवला जातो तो त्याच सकाळी फेरिचेला खरोखर फुप्फुसात पाणी झालेला माणूस. आकाश दोन तास मोकळे असते, हेलिकॉप्टर मोजकी असतात. त्यातले एक ‘डोके दुखणाऱ्या’ धडधाकट मंडळींना घेऊन गेलेले असते.

इथल्या नोकरदारासाठी विम्याचा आणखी एक खड्डा आहे. ईएसआय कार्ड नेपाळमधल्या हेलिकॉप्टरचे पैसे देत नाही. कंपनीची समूह मेडिक्लेम साधारणपणे भारतातल्या उपचारांपुरतीच असते. प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो आणि त्यातही उंचीची अट असते. अनेक पॉलिसी चार-साडेचार हजार मीटरच्या वरचा ट्रेक वगळतात. म्हणजे दिंगबोचेपर्यंत विमा आणि जिथे खरी गरज तिथे कागदाचा तुकडा. पॉलिसीत ५६०० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही स्पष्ट लिहिलेले हवे. एजंटच्या तोंडी हमीवर जाऊ नये. सुटकेपूर्वी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवण्याची अट असते. तो क्रमांक फोनमध्ये आणि चिठ्ठीवर, दोन्हीकडे असावा. थंडीत फोन बंद पडतात.

अपघातांचे काय?

डोंगरातले हेलिकॉप्टर निर्धोक नाही. ११ जुलै २०२३ रोजी एव्हरेस्ट परिसर पाहून लुक्लाजवळच्या सुर्केहून काठमांडूकडे परतणारे हेलिकॉप्टर कोसळले. मेक्सिकोतील एकाच कुटुंबातले पाच जण आणि वैमानिक असे सहा जण मरण पावले. त्यानंतर नेपाळच्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने पावसाळ्यापुरती अनावश्यक उड्डाणे थांबवली. त्या यादीत हेलिकॉप्टरमधून फुले उधळण्याचाही समावेश होता. तोवर ते चालू होते, हेच नवल.

घरच्यांना याची आठवण अधिक जवळची असेल. १५ जून २०२५ रोजी पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीला परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळले आणि सात जण गेले. त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे एक दाम्पत्य आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी होती. दर्शन करून परतीला निघालेली माणसे होती ती. याचा अर्थ हेलिकॉप्टरमध्ये कुणी बसूच नये, असा नाही. वैमानिकाने ‘आज नाही’ म्हटले तर ‘उद्या ड्युटी आहे’ असे सांगून त्याच्यामागे लागू नये, एवढा निश्चित आहे. तसे न करता येण्यासाठीच अर्जात तीन दिवस राखीव हवेत.

खुंबूतल्या लोकांना हे आवडते का?

सगळ्यांना नाही. नामचेपासून वरच्या गावांत घरपट्टीगत एक-एक लॉज आहे. त्यांची कमाई जाताना एक आणि येताना एक अशा दोन मुक्कामांवर चालते. हेलिकॉप्टरने परतणारा येतानाचा मुक्काम गाळतो. शिवाय सकाळभर घरघर. याक बुजतात, वन्यजीव पळतात. याच कारणांनी सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाने १ जानेवारी २०२५ पासून उद्यानावरील व्यावसायिक हेलिकॉप्टर उड्डाणे बंद करण्याचे जाहीर केले. स्थानिक तरुणांनी उतरण्याच्या जागा अडवल्या, कंपन्यांनी उड्डाणे थांबवली आणि वाद सरकारदरबारी गेला. आणीबाणीच्या सुटकेला कुणाचाच विरोध नव्हता. वाद होता तो सोयीच्या फेऱ्यांचा. ऐन हंगामात असा वाद पुन्हा पेटला तर आगाऊ पैसे भरलेल्यांना पायीच उतरावे लागेल. एजन्सीशी बोलताना परताव्याची अट लेखी घ्यावी ती यासाठीही.

भारवाहकाचा प्रश्न तर कुणी काढतच नाही. ट्रेकर हवेतून जातात, त्यांची पिशवी उचलणारा माणूस मात्र पायीच उतरतो. त्याची मजुरी गोरक्षेपपर्यंत धरली आहे की लुक्लापर्यंत, आणि त्याचा विमा आहे का, हे बुकिंग करतानाच विचारायला हवे. पाळी संपल्यावर कंपनीची बस निघून गेली तर काय वाटते, हे औद्योगिक पट्ट्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

तयारी इथे कशी करायची?

चाकणचा किल्ला भुईकोट. फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० मध्ये तो शाइस्ताखानाविरुद्ध दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवला, पण चढाईच्या सरावाला तो काही कामाचा नाही. निगडीची दुर्गा टेकडी, घोरावडेश्वर, देहूजवळचा भंडारा डोंगर हे पाळी सांभाळून जमण्यासारखे. महिन्यातून दोनदा पायथ्यापासून सिंहगड, पाठीवर आठ किलो घेऊन. उतरणेही तितकेच मोजावे, कारण गुडघे उतारावर बोलतात. सलग दोन दिवस चालण्याचा सराव हवा. एक दिवस कुणीही चालतो, दुसऱ्या दिवशी सकाळी खरे कळते.

एवढे करूनही विरळ हवेचा सराव इथे होत नाही, हे लक्षात ठेवावे. सह्याद्री पाय तयार करतो, रक्त नाही. पहिल्या हिमालयीन ट्रेकला थेट पाच हजार मीटर गाठण्याऐवजी आधी साडेतीन-चार हजारांपर्यंत जाऊन आपले शरीर काय म्हणते ते पाहिलेले बरे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः वर्षानुवर्षे रात्रपाळी केलेल्यांनी, रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि हृदय तपासून घ्यावे. कंपनीची वार्षिक तपासणी झाली आहे, एवढे पुरेसे नाही. पाच हजार मीटरवर जाणार आहोत, हे डॉक्टरांना सांगून केलेली तपासणी वेगळी असते.

मग हेलिकॉप्टर घ्यावे कुणी?

ज्याचे गुडघे उतारावर दगा देतात आणि चढताना साथ देतात, त्याने जरूर घ्यावे. पन्नाशीतल्या अनेकांना यामुळेच बेस कॅम्प पाहता येतो. ज्याच्या रजेत खरोखर दोन दिवस कमी पडतात, त्यानेही. ज्याला वरून खोरे पाहण्याची हौस आहे आणि पैसे आहेत, त्याला अडवणारे कोण? ज्याला दहा दिवसांत उरकायचे आहे, त्याने मात्र त्या वर्षी जाऊ नये. अन्नपूर्णा परिसरात किंवा उत्तराखंडात कमी उंचीचे, कमी दिवसांचे चांगले ट्रेक आहेत आणि बेस कॅम्प पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

ग्रुपमध्ये एक गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी : डोके दुखते म्हणणाऱ्याला कुणी हसणार नाही, आणि एकाला खाली न्यावे लागले तर त्याच्यासोबत कोण उतरेल. सोबत्याचे नाव आधी ठरलेले नसेल तर गोरक्षेपला, बेस कॅम्प इतक्या जवळ असताना, कुणी पुढे येत नाही. हेलिकॉप्टरचे आसन शक्यतो दिंगबोचेला, सगळ्यांची तब्येत पाहून पक्के करावे. एजन्सी आगाऊ रक्कम मागत असेल तर तारीख पुढे-मागे करण्याची मुभा घ्यावी.

आणि परतीनंतरचे. सकाळी ५१६४ मीटरवर असलेला माणूस दुपारी १४०० मीटरच्या काठमांडूत आणि दुसऱ्या रात्री मोशीत किंवा चिखलीत घरी असतो. पायी उतरणाऱ्याला मिळतात ते तीन-चार दिवस शरीराला मिळालेले नसतात. थंड, कोरड्या हवेने धरलेला खोकला आठवडाभर राहतो, झोप विस्कटलेली असते. प्रेस किंवा क्रेन चालवणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी कामावर उभे राहू नये. राखीव दिवसांपैकी एखादा उरला असेल तर तो घरीच काढावा. परतल्यावर पहिल्या आठवड्यात रात्रपाळी लागत असेल, तर ती निघण्यापूर्वीच कुणाशी तरी बदलून घ्यावी.